किमान दोन खुणा

अर्जात सत्तावीस रकाने होते. त्यांतले पंचवीस करुणानं पंधरा मिनिटांत भरून टाकले. मुलीचं नाव गौतमी, वय सहा, राहणार वडगाव रासाई, तालुका शिरूर; वडील रोहन, नोकरी दौंडला रेल्वेत; आईचं शिक्षण बी.एस्सी., प्राणिशास्त्र. या शेवटच्या ओळीसाठी तिनं पेन बदललं आणि अक्षर जरा टपोरं काढलं. दौंडच्या त्या शाळेची पिवळी गाडी यंदापासून थेट गावात येणार होती आणि गावाच्या वाट्याला पहिलीच्या चारच जागा होत्या. अर्ज शनिवारी दुपारपर्यंत पोचवायचा होता. आज होता मंगळवार. म्हणजे घाई अशी काही नव्हतीच.

मग सव्विसावा रकाना आला. ‘अंगावरील ओळखीच्या खुणा (किमान दोन), शरीराच्या नेमक्या भागाच्या नावासह.’ खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हा रकाना अपुरा असल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही. सत्ताविसावा रकाना तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांच्या सहीचा. खुणा स्वतः पाहिल्या, म्हणून.

करुणानं पेनाला टोपण लावलं.

सहा वर्षांत गौतमी कुठं आपटली नव्हती, की कुठं कापलं-भाजलं नव्हतं. हे आपोआप झालेलं नव्हतं. घरातल्या टेबलाच्या चारी कोपऱ्यांना स्पंज बांधलेला होता. उंबऱ्यावर जुनी सतरंजी दुमडून ठेवलेली होती. दाराच्या कडीवर रोहनचा एक मोजा चढवलेला होता, त्यामुळे आलेल्या माणसाला आधी मोजा काढून मग कडी वाजवावी लागे, आणि समजूतदार माणसं जाताना मोजा परत घालून जात. इतकं सगळं करून जे लेकरू सहा वर्षं बिनखुणेचं ठेवलं, त्याच्या अंगावर आता खूण कुठाय म्हणून कागद विचारत होता. खूण नसणं हीच खूण का धरू नये, असं तिला मनापासून वाटलं. पण तसा रकाना नव्हता.

तिनं गौतमीला ओट्यावर उन्हात बसवलं आणि कॉलेजात बेडकाची तपासणी करायची त्याच शिस्तीनं पायापासून सुरुवात केली.

“हे काय?” गौतमीनं विचारलं.

“घोटा.”

“त्याचं काम काय?”

“पाय वळवायचं.”

“आणि ही?”

“पोटरी. तिच्यामुळं पायातलं रक्त वर जातं. हृदयाला मदत करते ती.”

“हृदय तिला काही देतं का?”

“रक्तच देतं. हलू नकोस.”

गुडघ्याची वाटी झाली, कोपर झालं, मनगटातली आठ बारकी हाडं मोजून झाली. खांद्याच्या फऱ्यावर काही नाही. मानेच्या मणक्यांवर काही नाही. कानाच्या पाळीवर एक सुरेख काळा ठिपका सापडला. करुणानं तो कागदावर नोंदवला, आणि पदर ओला करून पुसला तर तो पदरावर आला. जेल पेन होतं. डाव्या दंडावर लस टोचल्याची खूण होती, पण ‘लसीची खूण ग्राह्य धरली जाणार नाही’ हे मुंगीच्या पावलांनी आधीच बजावून ठेवलं होतं. शेवटी डावा पाय पुन्हा उचलला तेव्हा तळपायाच्या खोलगट भागात एक तीळ दिसला. अस्सल. थुंकी लावून, साबण लावून, नखानं खरवडून पाहिला. तो जागचा हलला नाही.

एक झाली. दुसरी हवी होती.

दुसरी कुठं आहे ते करुणाला ठाऊक होतं. तपासणी कानापर्यंत येऊन थांबली होती ती म्हणूनच. डोकं तिनं बघितलंच नाही.

पहिल्या वर्षी जावळ काढताना गौतमी मामाच्या मांडीवर बसली होती. वस्तऱ्यानं मागची बाजू साफ झाली तसा न्हावी थांबला आणि हळूच म्हणाला, “ताई, दोन हायेत.” डोक्याच्या मागच्या उतारावर शेजारी शेजारी दोन भोवरे, एक उजवीकडं फिरणारा, एक डावीकडं. आणि दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे वडगाव रासाईत शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ असतं. मामानं न्हाव्याला गप्प राहायला सांगितलं आणि स्वतःही गप्प राहिला. केस वाढले. तेव्हापासून करुणा गौतमीचा भांग सरळ पाडत नसे. कपाळापासून निघालेला भांग डावीकडं वळे, मग उजवीकडं, असा नागमोडी जाऊन दोन्ही भोवऱ्यांना वळसा घाली, आणि दोन घट्ट वेण्यांत सगळं प्रकरण मिटे. गंमत अशी की हा भांग आळीला आवडला. वर्षभरात निम्म्या पोरींचे भांग तसेच वळायला लागले. लोक त्याला करुणाताईंचा भांग म्हणत, आणि करुणा मान खाली घालून कौतुक घेत असे.

आता तिचा असल्या गोष्टींवर विश्वास होता असं कुणी म्हणू नये. उलट गेल्या ऑक्टोबरात विहारात महिलांच्या कार्यक्रमात तिनं ‘आपलं शरीर आणि आपले गैरसमज’ यावर वीस मिनिटं भाषण केलं होतं. “भोवरा म्हणजे केसांची मुळं ज्या दिशेनं वळतात तो आकार, त्यात लग्न कुठून आलं?” हे वाक्य तिचंच. तिचे सासरे बन्सीआबा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, उभं राहून टाळ्या वाजवत होते. आबांनी आयुष्यभर खांद्यावरच्या पिशवीत लिंबू-मिरची घेऊन गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं दिली होती आणि शेवटी ती लिंबं सरबताला वापरली होती. अशा घरातली सून. ती टाळ्या घेऊन घरी आली आणि तिनं गौतमीच्या वेण्या आणखी घट्ट घातल्या. कारण तिचा स्वतःचा विश्वास नसून काय उपयोग? वीस वर्षांनी जी बाई गौतमीला बघायला येणार, तिचा असला तर?

आणि आता हे सरकारी सहीनिशी कागदावर, तेही आबांच्या देखत? नको. अजून चार दिवस होते.

बुधवारी सकाळी शेजारच्या मालनबाई भाजी निवडायला म्हणून आल्या. मोजा काढून कडी वाजवली, मोजा घातला आणि आत बसल्या. करुणानं अडचण सांगितली, अर्थात निम्मीच.

“खुना न्हाईत?” मालनबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “एकबी न्हाई? पडली न्हाई कवा?”

“नाही.”

“भाजली न्हाई?”

“नाही हो.”

“कुत्रं?”

“मालनकाकू.”

“आता काय म्हनावं बया. माझ्या नातीला सात खुना हायेत.” त्या बोटं मोजायला लागल्या. “कपाळाला उंबरा. हनुवटीला हापशाचा दांडा. उजव्या गुडघ्याला सायकल. डाव्या पोटरीला ताईबाईचं कुत्रं. ढोपराला शाळंची पायरी. दंडाला चुलीची फुकणी. आन् आंगठ्याला इळा. तिचा फारम भरला तवा मास्तर म्हनलं, आजी, जागा पुरंना.”

करुणाला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या पोरीच्या जखमांचा हेवा वाटला.

“मी सांगू का,” मालनबाई म्हणाल्या, “दोन दिस माझ्याकडं सोडा. बांधाबांधानं हिंडंल, काय ना काय हुईलच.”

“काहीतरीच काय.”

“न्हाईतर ताईबाईकडनं हनुवटीवर एक टिकली गोंदून घ्या. तिच्या भनीला येतंय. सुई उकळून घेती ती आता, आरोग्यवाल्या बाईनं सांगितल्यापास्नं.”

 पुढचं करुणानं हेतुपुरस्सर केलं असं ती कधीच कबूल करणार नाही. पण त्या संध्याकाळी ती गौतमीला घेऊन नदीकडच्या रस्त्याला फिरायला गेली, आणि मुरमाचा चढ आला तेव्हा सहा वर्षांत कधी न उच्चारलेला शब्द उच्चारला.

“पळ.”

गौतमीनं आईकडं पाहिलं. “पळू?”

“हो. पळ जरा.”

“पडले तर?”

“पडलीस तर पडलीस.” हे वाक्य बोलताना करुणाचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

गौतमी पळाली. पायाखाली खडी होती, वाटेत एक चर होता, उसाच्या ट्रॉलीनं पाडलेली चाकोरी होती. पोरगी हरणासारखी सगळ्यावरून गेली. ज्या पायांना सहा वर्षं कुणी पळू दिलं नव्हतं ते असे पळतात हे आईला माहीतच नव्हतं. ते बघून आनंद वाटायच्या आधीच पुढं वळण आलं आणि वळणापलीकडं काही दिसेना. “थांब गं, हळू,” म्हणत करुणा मागं धावली आणि तिसऱ्या पावलाला चाकोरीत पाय मुरगळून उजव्या अंगावर पडली. कोपराच्या हाडामागून जी नस करंगळीपर्यंत जाते, जिचं नाव तिला एकेकाळी परीक्षेत विचारलं होतं, तिच्यातून असली झिणझिणी गेली की तिला ते नाव प्रश्नासकट आठवलं.

गौतमी परत आली, वाकली आणि मन लावून बघू लागली. “आई, तुझ्या कोपराला छान खूण होणार.”

गुरुवारी करुणा गावातल्या ई-सेवा केंद्रात गेली, कारण हाच अर्ज आधी ऑनलाइन भरून मग त्याची प्रिंट डॉक्टरांकडं न्यायची होती. केंद्र चालवणारा मल्हारी हा थंड डोक्याचा माणूस. साऱ्या गावाची माहिती त्याच्या बोटांखालून जाते, म्हणून त्याला कशाचं नवल राहिलेलं नाही. तळपायाचा तीळ त्यानं चढवला. दुसऱ्या चौकटीत तांबडी चांदणी लुकलुकत राहिली.

“पुढं जात न्हाई वहिनी. दुसरी सांगा.”

“दुसरी नाहीये.”

“समद्यांना अस्ती.”

“हिला नाही.”

मल्हारीनं तिच्या कोपराच्या पट्टीकडं एकदा पाहिलं. “मग उजव्या मनगटावर तीळ टाकतो. निम्म्या गावाला मी तिथंच दिलाय. कुनी बघत न्हाई.”

 न बोलणं म्हणजे होकार नव्हे, असं करुणा मनाशी म्हणत असतानाच प्रिंट बाहेर आली.

शुक्रवारी रोहनची ड्यूटी होती, म्हणून शिरूरला सोबत आबा निघाले. धुतलेला नेहरू शर्ट आणि डोक्यावर ती पांढरी टोपी. आबांची टोपी हा त्यांचा एक अवयवच होता. ते ती जेवताना काढत नसत, वर्तमानपत्र वाचताना काढत नसत, आणि लग्न होऊन आठ वर्षं झाली तरी करुणानं त्यांना टोपीविना पाहिलेलं नव्हतं. एसटी न्हावऱ्याला पोचेपर्यंत आबा गौतमीला शरीराची माहिती देत होते. यकृत पित्त करतं, मूत्रपिंडं रक्त गाळतात, आणि माणसाचं कुठलंही इंद्रिय त्याचं भविष्य सांगत नाही. शेवटचं वाक्य त्यांनी एसटीतल्या इतरांनाही ऐकू जाईल असं म्हटलं. करुणा खिडकीबाहेर बघत राहिली.

दवाखान्यात रांग होती, पण डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी गौतमीला टेबलावर बसवलं, तळपाय पाहिला, बरोबरची खूण केली. मग उजवं मनगट हातात घेतलं. उलटं केलं. सुलटं केलं. चष्मा वर केला. सिस्टरकडून कापसाचा बोळा घेऊन पुसलं.

“इथं तीळ कुठंय?”

करुणानं असं तोंड केलं जणू तीळ कालपर्यंत होता.

“तो मल्हारीकाकांनी दिलाय,” गौतमी म्हणाली. “ते सगळ्यांना देतात.”

आबांनी सुनेकडं पाहिलं. चाळीस वर्षं वर्गात मुलांच्या थापा ऐकलेला माणूस. तो रागावत नाही, नुसता थांबतो. ते थांबणं फार वाईट. करुणाचे कान तापले. डॉक्टरबाईंनी लाल पेनानं मनगटावरचा तीळ खोडला आणि शेजारी सही केली.

“ताई, खोट्या खुणेवर मी सही करू शकत नाही. एक तीळ आहे. दुसरी खूण द्या, नाहीतर असाच परत न्या.” मग त्यांची नजर करुणाच्या कोपराकडं गेली. “तुमची मात्र चांगली आहे. अर्ज तुमचा असता तर प्रश्न नव्हता.”

सिस्टर हसली. करुणाला हसता आलं नाही. उद्या दुपारी मुदत संपत होती. चारांतली एक जागा, पिवळी गाडी, गावातच चढायचं आणि गावातच उतरायचं. हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला वीस वर्षांनी येणारी ती बाई, जिचं नाव-गाव करुणाला अजून माहीत नव्हतं, पण जिच्या धाकात ती पाच वर्षं रोज सकाळी कंगवा धरत आली होती.

“डोकं पाहिलं का?” डॉक्टरबाईंनी विचारलं. “केसांत कधी कधी डाग असतो.”

करुणा एकदम म्हणाली, “डोक्यात काही नाही.” आणि मग आबांकडं न बघता, खालच्या आवाजात, “म्हणजे आहे. दोन आहेत.”

तिनं स्वतःच वेण्या सोडल्या. रिबिनी मांडीवर ठेवल्या, नागमोडी भांग बोटांनी मोडला, आणि केस दोन्ही बाजूंना करून धरले.  डॉक्टरबाई वाकून पाहू लागल्या आणि सिस्टरला सांगू लागल्या, “लिहा. डोक्यावर, कवटीच्या मागल्या बाजूला, शेजारी शेजारी दोन भोवरे. ही झकास खूण आहे. जन्मभर टिकते. आधी का नाही सांगितली?”

सिस्टर लिहिता लिहिता म्हणाली, “सांगतील कसं मॅडम. दोन म्हणजे दोन...”

“सिस्टर, लिहा.”

“भोवऱ्याचं काम काय असतं?” गौतमीनं मान खाली घालूनच विचारलं.

करुणानं वीस मिनिटांच्या भाषणात याचं उत्तर दिलं नव्हतं. तिनं आबांकडं पाहिलं. आबा खिडकीशी जाऊन उभे होते.

“तसं काही नसतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आज मात्र आहे. तुझी अ‍ॅडमिशन.” आणि त्यांनी सही केली.

बाहेर बाकावर बसून करुणा पुन्हा वेण्या घालू लागली. सवयीनं हात डावीकडं वळला.

“आबा, मी भाषणात जे बोलले ते...”

“बरोबर बोललीस.”

“पण घरी...”

आबांनी इकडं तिकडं पाहिलं. बाकावर दुसरं कुणी नव्हतं. समोर एक म्हातारा खोकत होता, त्याचं लक्ष नव्हतं. आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि सुनेसमोर मान वाकवली. पांढऱ्या बारीक केसांत, मागच्या उतारावर, दोन. एक उजवीकडं फिरणारा, एक डावीकडं.

“माझ्या आईनं दहाव्या वर्षी मला टोपी घातली,” आबा मान वाकवूनच म्हणाले. “लग्नात फेटा होता. पुढं मास्तर झालो, व्याख्यानं द्यायला लागलो. रोज वाटायचं, आता काढावी. मग वाटायचं, टोपीची सवयच झालीय, काढून काय करायचं.”

गौतमीनं दोन्ही भोवऱ्यांवर एकेक बोट ठेवलं. “आजोबा, तुमचं काय झालं मग? दोन झाली का?”

“एकच झालं गं. तेच अजून चालू आहे.”

संध्याकाळी पार्वतीबाईंना, म्हणजे करुणाच्या सासूबाईंना, हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी भाकरी थापायची थांबवली नाही. “मला काय नवं सांगताय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच टोपी पडली हुती न्हाणीपाशी,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं वाट बघत्यात बिचारे, दुसरीचा पत्त्या न्हाई.”

शनिवारी दौंडच्या शाळेत खिडकीपुढं बारा-तेरा पालक उभे होते. करुणाचा नंबर आला तेव्हा कारकुनानं प्रिंट पाहिली, स्क्रीन पाहिला, पुन्हा प्रिंट पाहिली.

“इथं मनगटावर तीळ आहे. कागदावर खोडलाय.”

“डॉक्टरांनी खोडलाय. सही आहे शेजारी.”

“ते दिसतंय मॅडम. पण ऑनलाइन बदलावं लागेल.” तो एका बोटानं टाइप करणारा माणूस होता, आणि जे टाइप करी ते मोठ्यानं म्हणे, म्हणजे चूक होत नाही. “डोक्यावर. कवटीच्या. मागल्या. बाजूला.” रांग ऐकत होती. “शेजारी. शेजारी. दोन.” त्याचं बोट थांबलं. “दोन काय?”

“भोवरे,” करुणा म्हणाली.

“दोन भोवरे?”

“दोन. तिच्या आजोबांनाही दोन आहेत.”

मागची एक बाई हलक्या आवाजात “अगंबाई” म्हणाली. आबा रांगेच्या कडेला उभे होते. त्यांनी टोपी काढून झटकली, आणि ती परत डोक्यावर ठेवायला जरा वेळ लावला. कारकुनानं पाहिलं. पूर्ण पाहून झाल्यावर त्यानं ‘भोवरे’ टाइप केलं आणि शिक्का मारला.

चारांतली एक जागा गौतमीला मिळाली. शाळा सुरू व्हायच्या दिवशी सकाळी करुणानं गौतमीचा भांग सरळ पाडला. कपाळापासून मानेपर्यंत, फूटपट्टी लावल्यासारखा. भांग बरोबर दोन भोवऱ्यांच्या मधून गेला आणि दोघं दोन बाजूंना उघड्यावर आले. दार उघडताना तिला वाटलं, कडीवरचा मोजा आता काढावा. मग वाटलं, एका दिवसात एवढं पुरे.

चौकात काही पोरी गाडीत बसायला आणि बाकीच्या नुसती गाडी बघायला उभ्या होत्या. मालनबाई नातीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी गौतमीच्या डोक्याकडं पाहिलं. पाहतच राहिल्या. करुणा पिशवीची नाडी ओढत उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं रात्रीच ठरवून ठेवलं होतं, केसांच्या मुळांपासून सगळं.

“दोन हायेत की हिला,” मालनबाई म्हणाल्या.

“हो. दोन आहेत.”

“आन् तुमी उघडं सोडलं?”

“सोडलं.”

मालनबाईंनी एकदा रस्त्याकडं पाहिलं, गाडी आली नाही ना म्हणून. मग नातीच्या खांद्यावर हात ठेवून तिला जवळ ओढलं. नातीचा भांग कपाळापासून निघून डावीकडं वळत होता, मग उजवीकडं, सुंदर नागमोडी.

“मी तुमाला हिच्या सात खुना सांगितल्या, बगा,” मालनबाई हळू आवाजात म्हणाल्या. “आठवी न्हाई सांगितली.”

करुणानं त्या भांगाकडं पाहिलं. मग तिची नजर चौकात फिरली. हापशापाशी दोघी, दुकानाच्या पायरीवर तिघी, पाराला टेकून एक. सगळ्यांचे भांग करुणाताईंचे. ती पोरी मोजायला लागली, तेवढ्यात वळणावर पिवळी गाडी दिसली.